भिंती नव्या, भाडेकरू जुना

सॅलरी अकाउंटमध्ये पहिले चार-पाच लाख साठले की पिंपरी-चिंचवडमध्ये माणसाला एक आजार जडतो. दर रविवारी सॅम्पल फ्लॅट बघण्याचा. मोशी, रावेत, वाकड, पुनावळे... सगळीकडे तेच गेट, तेच क्लबहाऊस आणि सेल्सच्या टेबलावर तीच चॉकलेटची वाटी. तिसऱ्या रविवारपर्यंत सगळे फ्लॅट जुळे भाऊ वाटायला लागतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "वाड्यातल्या खोल्या बघणार का? एकदम हेरिटेज. सगळा वाडा रिस्टोअर केलाय. आणि आत भाडेकरू आहेच, म्हणजे भाडं पहिल्या महिन्यापासून चालू!"

बस्स. आपली विकेट तिथेच पडते.

या आठवड्याचा विषय हाच. जुनी, दुरुस्त केलेली वास्तू आणि तिच्यात आधीपासून राहणारा भाडेकरू, असं पॅकेज इन्व्हेस्टमेंट म्हणून घ्यावं का? ऐकायला झक्कास वाटतं. पण बॉस, यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'हेरिटेज' नाहीये. 'भाडेकरू' आहे.

वाड्याची भूल

चिंचवडगावात एकदा फेरफटका मारला की हे वेड कळतं. मोरया गोसावींची समाधी, मंगलमूर्ती वाडा, पवनेचा घाट. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकर बंधूंचा वाडा आज स्मारक म्हणून दिमाखात उभा आहे. दगडी जोतं, लाकडी खांब, मधला चौक, भिंतीतले कोनाडे... एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेड बघून शिणलेल्या डोळ्यांना गारवाच वाटतो.

पण या वास्तूंच्या मागे देवस्थान किंवा स्मारक समिती उभी आहे. शेजारच्या गल्लीतल्या साध्या वाड्यामागे असतो फक्त मालक. त्याच्या हातात येतं जुनं भाडं. त्या भाड्यात चुना येत नाही की कौलं. म्हणून बहुतेक वाडे एक तर बिल्डरकडे जातात नाहीतर पावसाळ्यात खाली येतात. अशात एखाद्यानं वाडा पाडायच्या ऐवजी दुरुस्त केला आणि खर्च भरून काढायला त्यातल्या खोल्या विकायला काढल्या, तर त्याचं कौतुकच करायला हवं. मीही केलं. फक्त विकत घेणाऱ्यानं कौतुकाच्या भरात टोकन देऊ नये, एवढंच.

माझी एक मैत्रीण चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. तिला गावठाणातल्या अशाच एका वाड्यातल्या माडीवरच्या दोन खोल्यांची ऑफर आली. किंमत २८ लाख. एजंटचं गणित सोपं होतं: "मॅडम, मार्केट रेट पंधरा हजार भाड्याचा आहे." पंधरा हजार गुणिले बारा, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. शंभराला जवळजवळ साडेसहा रुपये. नव्या फ्लॅटमध्ये एवढं सुटत नाही. मैत्रीण खूश!

लाइपझिगचा फंडा

तिच्या डोक्यात हे खूळ भरलं ते कंपनीतल्या एका जर्मन सहकाऱ्यामुळे. त्याचा लाइपझिगमध्ये शंभर वर्षांहून जुन्या इमारतीत एक फ्लॅट आहे. आत भाडेकरू. तो स्वतः तिथे एक दिवसही राहिलेला नाही आणि तरी मजेत आहे.

असेलच मजेत, कारण तिथली व्यवस्थाच तशी आहे. १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडच्या शहरांत जुन्या इमारतींची रांगच्या रांग मोडकळीला आलेली होती. संरक्षित वास्तूचा फ्लॅट भाड्यानं देणाऱ्याला दुरुस्तीचा मान्य खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. पहिली आठ वर्षं दरवर्षी ९ टक्क्यांपर्यंत आणि पुढची चार वर्षं ७ टक्क्यांपर्यंत. बेरीज करा: बारा वर्षांत शंभर टक्के. अट अशी, की काम सुरू करण्याआधी वारसा खात्याची संमती हवी आणि नंतर त्यांचं प्रमाणपत्र.

भाडेकरूचं काय? घर विकलं म्हणून त्याचा करार तुटत नाही, नवा मालक फक्त जुन्याच्या जागी येतो. भाडेकरू आत असताना इमारतीचे वेगवेगळे फ्लॅट करून विकले, तर 'मला स्वतःला राहायचंय' असं म्हणून किमान तीन वर्षं त्याला नोटीस देता येत नाही. काही शहरांत तर दहा वर्षांपर्यंत. म्हणजे घेणारा पहिल्या दिवसापासून जाणून असतो की आत माणूस आहे आणि तो राहणार आहे. किंमतही त्याच हिशोबानं ठरते.

आपल्याकडे घर विकल्यावर भाडेकरू तसाच राहतो, इथवर गोष्ट सारखीच आहे. १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टप्रमाणे जुन्या मालकाचे हक्क आणि जबाबदाऱ्या दोन्ही तुमच्याकडे येतात. फरक पुढे आहे, भाड्याच्या आकड्यात.

आपण भाडेकरू आहोत का?

आधी एक गंमत. तुम्ही-आम्ही "भाड्यानं राहतो" म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत आपल्यातले बहुतेक जण भाडेकरू नाहीतच! आपला असतो लिव्ह अँड लायसन्सचा करार, बहुतेकदा अकरा महिन्यांचा. म्हणजे राहण्याची परवानगी. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. भाड्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवायचा.

वाड्यातला जुना भाडेकरू ही वेगळी जात. त्याच्या भाड्याची कहाणी १९४७ च्या बॉम्बे रेंट ॲक्टपासून सुरू होते. त्या कायद्यानं प्रमाण भाड्याचा पाया धरला १ सप्टेंबर १९४० चा. युद्धाच्या काळात घरांची टंचाई होती, मालक वाटेल ते भाडं मागत होते, त्यामुळे तेव्हा ते योग्यच होतं. पण पुढे पन्नास वर्षं भाडी जवळपास तिथेच थिजली. १९ डिसेंबर १९९७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की इतकी वर्षं गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

४ टक्के ऐकायला बरं वाटतं. पण कशाचे ४ टक्के?

मैत्रिणीनं एजंटला सरळ विचारलं, "पंधरा हजार मार्केट रेट झाला. आत्ता किती येतात?" उत्तर आलं, "आत्ता दीडशे."

दीडशे. हजार नाही, नुसते दीडशे. वर्षाचे १,८००. २८ लाखांवर हे प्रमाण काढलं तर शंभराला जेमतेम साडेसहा पैसे पडतात. एजंटचे साडेसहा रुपये कुठे आणि हे कुठे! ४ टक्के वाढ म्हणजे पहिल्या वर्षी सहा रुपये. तळेगाव चौकात चहाचा कटिंगही येत नाही. दरवर्षी न चुकता वाढवलं, तरी दहा वर्षांनी भाडं २२२ रुपयांवर पोचेल.

मग पंधरा हजार येणार कधी? एजंट आवाज खाली आणून म्हणाला, "म्हातारी एकटीच आहे हो. चार-पाच वर्षांचा प्रश्न."

बिस्किटाचा डबा

हे वाक्य मैत्रिणीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ गप्प होतो. मग ती म्हणाली, "मी त्या आजींना भेटून येते. तू पण चल."

गेलो. दिंडी दरवाजातून वाकून आत, चौक ओलांडून, अंधाऱ्या जिन्यानं वर. दोन खोल्या, कडीपाटाचं छत, भिंतीतलं फडताळ. आजी आधी बिचकल्या, मग त्यांनी चहा टाकला. यजमान पिंपरीला एच.ए.मध्ये होते, लग्न होऊन त्या याच खोल्यांत आल्या. आणि एकट्या कुठल्या! मुलगा-सून गेल्यापासून नातू लहानपणापासून त्यांच्याजवळच आहे. तो आता आकुर्डीला इंजिनिअरिंग करतोय.

फडताळातून त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत भाड्याच्या पावत्या, वर्षावार दोऱ्यानं बांधलेल्या. "गेली तीन वर्षं मालक भाडं घेत नाहीत, पोरी. म्हणतात नंतर बघू. मग मी मनीऑर्डर करते. ती परत येते." परत आलेल्या मनीऑर्डरचे कागदही त्याच डब्यात.

मालक भाडं का घेत नाही हे कळायला वकील लागत नाही. भाडं थकलं असं दाखवता आलं तर जागा खाली करून घ्यायचा रस्ता उघडतो. पण कायद्याप्रमाणे भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तर त्याला बाहेर काढता येत नाही. थकबाकीचा दावा लावायचा, तरी आधी लेखी नोटीस आणि ९० दिवसांची मुदत द्यावी लागते. आजींचा डबा एखाद्या फाइलपेक्षा पक्का आहे.

आणि 'चार-पाच वर्षांचा प्रश्न'? त्याचं उत्तर त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. राहत्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. तसं कुणी नसेल तर वारसाचा विचार होतो. म्हणजे आजींच्या माघारी नातू. वय एकवीस.

मालकाला स्वतःला जागेची खरी गरज असेल तर कोर्टात जाता येतं, हे खरं. पण तिथे मालकाची अडचण मोठी की भाडेकरूची, हे कोर्ट तोलून बघतं. रावेतला स्वतःचं घर असलेल्या इन्व्हेस्टरचं पारडं किती जड असेल, तुम्हीच सांगा.

पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. ज्या गुंतवणुकीचा फायदा एका आजीच्या मरणावर अवलंबून आहे, ती करून रात्री झोप येईल का? मैत्रिणीचा प्रश्न हाच होता. माझ्याकडे याला 'पण'वालं उत्तर नव्हतं.

लाकूड, चुना आणि ५४० रुपये

समजा भाडं चांगलं आहे, भाडेकरू राजी आहे. तरी वाडा म्हणजे फ्लॅट नव्हे. नव्या बिल्डिंगमध्ये मेन्टेनन्स म्हणजे लिफ्ट आणि वॉचमन. वाड्याचं तसं नसतं. पावसाळ्याआधी कौलांची शाकारणी हवी, लाकडाला वाळवीचा बंदोबस्त हवा. भिंतीच्या चुन्याला चुनाच लागतो. त्यावर सिमेंटचा गिलावा फासला तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून कुजते. रिस्टोअर केलेल्या वाड्यात नेमकी हीच मेख असते. रंग नवा दिसतो, खाली सिमेंट.

दुसरी जागा म्हणजे तुळईची टोकं. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे ओल धरते आणि लाकूड आधी तिथेच सडतं. मधला भाग पॉलिश करून चकाचक केला तरी टोक खिळखिळं असू शकतं. माडीवर मागाहून बांधलेलं संडास-बाथरूम असेल तर त्याच्या खालची भिंत बघाच. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे मजबुतीचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा. धोकादायक इमारत म्हणून नोटीस आलीय का, तेही पालिकेत जाऊन विचारा.

हा सगळा खर्च कुणाचा? जागा नीट राखणं ही कायद्यानं मालकाची जबाबदारी. म्हणजे आता तुमची. आणि करात सवलत? भाड्यातून पालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही दुरुस्तीवर काहीही खर्च करा. १,८०० रुपयांवर ही वजावट जास्तीत जास्त ५४० रुपये. एवढ्यात गवंडी जिनासुद्धा चढणार नाही! जर्मन साहेबाचे बारा वर्षांत शंभर टक्के आणि आपले ५४०. लाइपझिगचा फंडा चिंचवडला का चालत नाही, ते या एका आकड्यात आलं.

उताऱ्यावरची बारा नावं

फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो. वाड्यात आधी विचारायचं, मालक किती? सिटी सर्व्हेचा उतारा म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढलं की त्यावर काका, पुतणे, चुलत भाऊ अशी रांग निघते. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, त्यामुळे नाशिकच्या आत्याची सही राहिली असेल तर तो व्यवहार कधीही डोकं वर काढतो.

दुसरा प्रश्न, तुम्ही नक्की काय विकत घेताय? वाड्याचं १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्टखाली डिक्लरेशन झालेलं असेल, तर तुमच्या खोल्यांचं वेगळं अपार्टमेंट डीड होतं आणि जमिनीतला हिस्सा ठरतो. ते नसेल तर तुमच्या नावावर येतो मोघम, अविभक्त हिस्सा. मग 'माडीवरच्या या दोन खोल्या माझ्या' हे फक्त तुमचं म्हणणं! लोन देताना बँक हेच कागद मागते, शिवाय इमारतीचं उरलेलं आयुष्य किती, हेही तपासते. बँकेनं नाक मुरडलं तर रागावू नका, ती फुकटचा सल्ला देतेय.

आणि हो, वास्तू वारसा यादीत असेल तर तिची श्रेणी विचारा. खिडकी बदलता येईल की नाही, हे त्यावर ठरतं. पण हेरिटेजचा टॅग लागला म्हणून भाडेकरूचा हक्क बदलत नाही. मुंबईत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती ३० जून २०१८ ला जागतिक वारसा झाल्या, म्हणून तिथल्या पागडीच्या घरांचा कायदा वेगळा झाला नाही.

मग जमतं कुणाला?

जमतं. मुंबईच्या लाल चिमणी कंपाऊंडचं उदाहरण घ्या. साध्या माणसांची भाड्याची घरं. पारशी समाजाच्या एका धर्मादाय निधीच्या मालकीची. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी तिथलं संवर्धन केलं आणि युनेस्कोनंही त्याची दखल घेतली. माणसं आत, इमारत शाबूत. पण तिथे मालक ट्रस्ट होता. भाड्यातून पैसे सुटावेत ही अपेक्षाच नव्हती. २८ लाखांवर परतावा मागणारा इन्व्हेस्टर आणि धर्मादाय ट्रस्ट यांचं गणित एक नसतं.

मैत्रिणीनं शेवटी मालकाला थेट प्रस्ताव दिला. आजी आणि नातू राहणार असं धरून किंमत ठरवा, तुंबलेलं भाडं घेऊन पावत्या द्या, आणि विक्रीच्या पैशातून थोडी रक्कम वाड्याच्या दुरुस्ती फंडात ठेवा. मालक म्हणाला, "असं धरलं तर मला काय उरतं?" प्रश्न चुकीचा नव्हता. दीडशे रुपयांत त्यानंही वर्षानुवर्षं तो वाडा सांभाळलाय. पण त्याचा तोटा २८ लाखांना विकत घ्यायचं तिला काही कारण नव्हतं. व्यवहार झाला नाही. निघताना तिनं आजींना एवढंच सांगितलं, की तो डबा कुणाच्याही हातात देऊ नका आणि सगळ्याच्या झेरॉक्स काढून नातवाकडे ठेवा.

जाण्याआधी खिशात ठेवा

• आजचं भाडं किती, ते पावतीवर बघा. 'मार्केट रेट' हे भाडं नव्हे.

• आतला माणूस भाडेकरू की लायसन्सी? करार नोंदवलेला आहे का? १९९९ च्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची.

• भाडेकरूबरोबर कोण-कोण राहतं?

• प्रॉपर्टी कार्डावरच्या प्रत्येक नावाची सही. आत्यासकट.

• अपार्टमेंटचं डिक्लरेशन आहे की नुसता अविभक्त हिस्सा?

• मजबुतीचं प्रमाणपत्र आणि तुळयांची टोकं.

• वाड्याचा दुरुस्ती फंड आहे का आणि त्यात वर्षाला कोण किती घालतं?

• गणित करताना भाडेकरू आयुष्यभर राहणार असं धरा. तरीही व्यवहार परवडत असेल तरच पुढे जा.

लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली, स्वच्छ कागदांची वाड्यातली खोली मिळाली तर जरूर विचार करा. जुनं लाकूड आणि चौकातलं ऊन याला तोड नाही. फक्त येत्या रविवारी वाडा बघायला गेलात की एजंटला खालीच थांबवा आणि वर जाऊन आत राहणाऱ्यांकडे घोटभर चहा घ्या. अर्ध्या तासात जे कळतं, ते कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं.